कॅनरीच्या गाण्यापासून अपस्माराच्या उपचारापर्यंत : एका शास्त्रज्ञाची वाटचाल

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक हताश पिता आपल्या मुलाला प्रभू येशूपुढे आणतो. मुलगा जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, दात करकरा वाजतात, अंग ताठ होते. ही लक्षणे वाचताना आजचा कोणताही डॉक्टर ‘अपस्मार’ हाच शब्द उच्चारील. आपल्याकडे याला फेफरे म्हणतात, मिरगी म्हणतात, आणि अलीकडे सर्रास ‘फिट येणे’ असे म्हटले जाते. नावे बदलली, तरी त्या पित्याची व्याकुळता मात्र आजही आपल्या अनेक घरांत तशीच आहे.

या आजारावर मूलपेशींनी, म्हणजेच स्टेम सेलनी, उपचार होऊ शकतो अशा बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचून कुणाच्या आशा पल्लवित होतात, तर कुणी विचारते, ‘पण स्टेम सेलला ख्रिस्तसभेचा विरोध आहे ना?’ या दोन्ही गोष्टींचा उलगडा एका शास्त्रज्ञाच्या कारकिर्दीच्या आधारे करावा, असा आमचा प्रयत्न आहे. त्यांचे नाव आर्तुरो आल्वारेस-बुइया. ज्या संशोधनातून अपस्मारावरील पेशी-उपचार उभा राहिला, त्याचा बराचसा पाया त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला आहे.

अपस्मार म्हणजे नेमके काय?

आपल्या मेंदूतील अब्जावधी चेतापेशी सूक्ष्म विद्युत्-संदेशांद्वारे एकमेकींशी बोलत असतात. काही पेशी शेजारच्या पेशींना चेतवतात, तर काही त्यांना आवरतात. बैलगाडीला बैलांइतकीच कासऱ्याचीही गरज असते, तसाच हा प्रकार आहे. आवरणाऱ्या पेशी ‘गाबा’ नावाचे रसायन सोडतात आणि त्यामुळे चेतना मर्यादेत राहते. हा तोल बिघडला की असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच लयीत पेटून उठतात. यालाच आपण झटका म्हणतो. पुनःपुन्हा झटके येण्याची मेंदूची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतील जवळजवळ ऐंशी टक्के लोक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार मिळाले, तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त जीवन जगू शकतात. उरलेल्यांना मात्र औषधे पुरेशी पडत नाहीत. त्यांच्यापैकी काहींवर शस्त्रक्रिया करून मेंदूचा सदोष भाग काढला जातो. परंतु तो भाग स्मृती किंवा वाणीशी निगडित असेल, तर हा मार्ग जोखमीचा ठरतो. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, मेंदूचा भाग कापून काढण्याऐवजी त्यात हरवलेला ‘कासरा’ परत बसवता येईल काय?

पक्ष्यांच्या मेंदूतील शोध

आल्वारेस-बुइया यांचा जन्म १९५८ साली मेक्सिको सिटी येथे झाला. त्यांचे वडील शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. स्पेनमधील यादवी युद्धामुळे त्यांना मायदेश सोडावा लागला होता. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात शिक्षण घेतल्यावर आर्तुरो न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते फर्नांडो नॉटेबोम, आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय होता कॅनरी पक्ष्याचे गाणे.

अपस्माराच्या रुग्णाशी या पिवळ्या पक्ष्याचा काय संबंध, असे कुणालाही वाटेल. त्या काळी वैद्यकीय महाविद्यालयांत एक गोष्ट ठामपणे शिकवली जाई : माणूस जेवढ्या चेतापेशी घेऊन जन्माला येतो, तेवढ्याच त्याला आयुष्यभर पुरवाव्या लागतात, नवी पेशी तयार होत नाही. १९६० च्या दशकात जोसेफ आल्टमन व त्यांचे सहकारी गोपाल दास यांनी उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात असे दाखवले होते, पण विज्ञानजगताने त्याकडे जवळजवळ पाठ फिरवली. पुढे १९८३ मध्ये नॉटेबोम यांच्या प्रयोगशाळेने प्रौढ कॅनरीच्या मेंदूत, गाण्याशी संबंधित भागातच, नव्या चेतापेशी जन्मास येत असल्याचे सिद्ध केले. नर कॅनरी दरवर्षी आपले गाणे नव्याने घडवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचे मोल कळते.

तरुण आल्वारेस-बुइया यांनी त्यापुढचा प्रश्न हाती घेतला. या नव्या पेशी जन्मतात कोठे आणि आपल्या जागी पोचतात कशा? १९८८ साली नॉटेबोम यांच्यासमवेत त्यांनी दाखवून दिले की, मेंदूच्या आतील पोकळीच्या भिंतीशी जन्मलेल्या कोवळ्या पेशी तेथून निघून दूरवर प्रवास करतात. पेशीचा हा प्रवास, तिचे स्थलांतर, हाच पुढे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा मुख्य धागा ठरला.

जिला आपण केवळ आधार समजत होतो

पक्ष्यांवरून ते उंदरांकडे वळले. १९९४ मध्ये कार्लोस लोइस या सहकाऱ्यासमवेत त्यांनी सिद्ध केले की, प्रौढ उंदराच्या मेंदूतही पोकळीच्या भिंतीशी नव्या पेशी तयार होतात आणि तेथून पुढे वासाच्या केंद्रापर्यंत लांबचा पल्ला गाठतात. मुंग्यांच्या रांगेप्रमाणे एकमेकींचा आधार घेत त्या सरकतात, असेही त्यांच्या गटाने नंतर दाखवले.

आता प्रश्न उरला तो मूळ मातेचा. नव्या पेशींना जन्म देणारी मूलपेशी कोणती? मूलपेशी म्हणजे अशी पेशी, जी स्वतःसारखी पेशीही निर्माण करते आणि निरनिराळ्या कामांच्या पेशींनाही जन्म देते. १९९९ मध्ये आल्वारेस-बुइया, त्यांच्या विद्यार्थिनी फियोना डॉएच आणि स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे सूक्ष्मदर्शनतज्ज्ञ होसे मान्वेल गार्सिया-व्हेर्दुगो यांनी या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर दिले. मेंदूतील मूलपेशी म्हणजे ‘ॲस्ट्रोसाइट’ गटातील काही पेशी होत. ताऱ्याच्या आकाराच्या या पेशींना तोवर चेतापेशींचा नुसता टेकू, विटांमधला चुना समजले जाई. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोनशिला झाल्याची उपमा बायबलच्या वाचकांना येथे सहज सुचावी.

२००० साली ते सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मज्जाशस्त्रक्रिया विभागात दाखल झाले. २०११ मध्ये स्पेनचा प्रतिष्ठेचा ‘प्रिन्स ऑफ अस्तुरियास’ पुरस्कार त्यांना, जोसेफ आल्टमन यांना आणि इटलीचे ज्याकोमो रिझ्झोलात्ती यांना विभागून देण्यात आला. ज्यांच्या शोधाकडे जगाने पाठ फिरवली होती, त्या आल्टमन यांचा असा सन्मान झाला ही समाधानाची गोष्ट होय.

लगाम घालणाऱ्या पेशी

अपस्माराच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला प्रयोग १९९९ चाच आहे. गर्भावस्थेत मेंदूच्या खोल भागात एक लहानसा उंचवटा असतो. आवरणाऱ्या, ‘गाबा’ सोडणाऱ्या अनेक पेशी तेथे जन्मतात आणि तेथून मेंदूच्या बाह्य थरात पसरतात. हिनेक विख्तर्ले व आल्वारेस-बुइया यांनी उंदराच्या भ्रूणातील या उंचवट्यातून कोवळ्या पेशी घेऊन त्या प्रौढ उंदराच्या मेंदूत सोडल्या. इतर भागांतील पेशी जेथे सोडल्या तेथेच साचून राहत, पण या पेशी आजूबाजूला दूरवर पसरल्या आणि तेथील चेतापेशींत मिसळून गेल्या. प्रौढ मेंदूतही त्यांची प्रवासाची क्षमता टिकून होती.

हे समजल्यावर पुढची पायरी उघड होती. ज्या मेंदूत लगाम अपुरा आहे, तेथे या पेशी सोडल्या तर? २००९ मध्ये त्यांच्याच विद्यापीठातील स्कॉट बराबन यांच्या नेतृत्वाखाली, जन्मजात तीव्र अपस्मार असलेल्या उंदरांवर हा प्रयोग झाला आणि झटके लक्षणीय रीतीने घटले. २०१३ मध्ये याच मंडळींनी प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी संबंधित व अपस्मारात वारंवार दोषी आढळणाऱ्या भागात, पेशी सोडल्या. त्या उंदरांतील निम्म्यांचे झटके थांबले आणि इतरांचे पुष्कळ कमी झाले. त्याच पेशी जवळच्या दुसऱ्या भागात सोडल्या तेव्हा मात्र झटके आटोक्यात आले नाहीत. योग्य पेशी योग्य ठिकाणी पडली तरच तिचा गुण येतो, हे यावरून स्पष्ट झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषधाची गोळी साऱ्या मेंदूवर पसरते, म्हणून झोप येणे, गुंगी येणे असे त्रास होतात. पेरलेली पेशी मात्र जेथे आहे तेथेच, गरजेप्रमाणे, आपल्या शेजारणींना आवरते. या उपचाराचे खरे आकर्षण यातच आहे.

न रुचणारे उत्तर

प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी जन्मतात, या कल्पनेच्या मांडणीत ज्यांचा मोठा वाटा, त्यांच्याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये एक वेगळा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शॉन सॉरेल्स, मर्सिडीज पारेदेस व आल्वारेस-बुइया यांच्या गटाने मानवी हिप्पोकॅम्पसचे ५९ नमुने तपासले. त्यांत अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींचाही समावेश होता. बालकांच्या मेंदूत कोवळ्या चेतापेशी दिसल्या, पण पहिल्या वर्षातच त्यांची संख्या झपाट्याने घटली. सात आणि तेरा वर्षांच्या मुलांत तुरळक आढळल्या आणि प्रौढांत तर एकही सापडली नाही.

या निष्कर्षाने मोठा वाद उठला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आणि २०१९ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी प्रौढ माणसांत अशा पेशी सापडल्याचे जाहीर केले. २०२५ मध्ये स्वीडनमधील गटानेही प्रौढांत विभागणाऱ्या पूर्वज पेशींचा पुरावा मांडला. हा वाद विज्ञानाच्या रीतीने, पुराव्यांनिशीच चालू आहे. आम्हांला येथे महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्या कल्पनेवर आपली ख्याती उभी आहे तिच्याविरुद्ध जाणारे उत्तर दिसले तेव्हा ते दडवले गेले नाही. सत्य आपल्या सोयीचे नसले तरी सांगणे, हा केवळ वैज्ञानिक नव्हे, तर नैतिक गुण आहे.

शिवाय या वादाचा रुग्णांशी थेट संबंध आहे. प्रौढ मेंदू स्वतःहून पुरेशा नव्या पेशी घडवत नसेल, तर त्या बाहेरून द्याव्या लागतील. मग प्रश्न येतो, त्या आणायच्या कोठून?

माणसापर्यंत

उंदरांवरील प्रयोगांत पेशी उंदराच्या भ्रूणातून घेतल्या होत्या. मानवी उपचारासाठी वेगळी वाट शोधणे भाग होते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील याच वर्तुळातील आर्नल्ड क्रिगस्टाइन, जॉन रूबेनस्टाइन, आल्वारेस-बुइया व कोरी निकोलस यांनी प्रयोगशाळेतील मानवी मूलपेशींपासून आवरणाऱ्या चेतापेशी तयार करून दाखवल्या. उंदराच्या मेंदूत सोडल्यावर त्यांना परिपक्व होण्यास सात महिन्यांपर्यंत वेळ लागला. माणसाचा मेंदू जितक्या संथपणे घडतो, तितक्याच संथपणे त्या वाढत होत्या.

या चौघांनी पुढे ‘न्यूरोना थेरप्युटिक्स’ ही कंपनी स्थापन केली. औषधांना दाद न देणाऱ्या, हिप्पोकॅम्पसमधून उगम पावणाऱ्या अपस्मारासाठी तिने तयार केलेल्या पेशींची मानवी चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली. पेशी एकदाच, शस्त्रक्रियेद्वारे मेंदूत सोडल्या जातात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून काही काळ प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. पहिल्या दोन रुग्णांचे झटके नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. ही वार्ता आशादायक आहे यात शंका नाही. परंतु दोन रुग्ण म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. अधिक रुग्णांवर, तुलनेसह आणि दीर्घ काळ पाहिल्यावरच निर्णय करता येतो.

पेशी आली कोठून?

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. ख्रिस्तसभेचा मूलपेशींना विरोध आहे, हे विधान सरसकट खरे नाही. विरोध आहे तो मानवी भ्रूणाचा नाश करून मूलपेशी मिळवण्याला. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी प्रथमच मानवी भ्रूणांपासून मूलपेशी वेगळ्या केल्या, तेव्हापासून हा प्रश्न उभा राहिला. २००० च्या ऑगस्टमध्ये जीवनविषयक पोंटिफिकल अकादमीने आणि त्यानंतर २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोने’ या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने भूमिका स्पष्ट केली. मानवी जीव गर्भधारणेच्या क्षणापासून व्यक्ती म्हणून आदरास पात्र आहे. म्हणून दुसऱ्याच्या आरोग्यासाठीही त्याचा बळी देता येत नाही. याच दस्तऐवजानुसार प्रौढ व्यक्तीच्या ऊतींतून, प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्तातून किंवा नैसर्गिक कारणाने मृत झालेल्या गर्भाच्या ऊतींतून मूलपेशी घेणे मान्य आहे. २०११ मध्ये व्हॅटिकनमध्ये प्रौढ मूलपेशींवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिच्या प्रतिनिधींना संबोधित केले होते. रक्ताच्या कर्करोगावरील अस्थिमज्जारोपण हा तर मूलपेशींचाच उपचार आहे, आणि ख्रिस्तसभा अशा दानास उत्तेजन देते.

अमेरिकेतील वरील चाचणीत वापरलेल्या पेशींचे मूळ मात्र मानवी भ्रूणापासून पूर्वी काढलेल्या मूलपेशींच्या वंशात आहे. कॅथलिक वाचकापासून ही गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. आल्वारेस-बुइया यांच्या साधनेविषयी आदर बाळगूनही येथे आपण थांबून विचार केला पाहिजे. कुणी म्हणेल, कोविडच्या लशींच्या वेळी २०२० मध्ये व्हॅटिकनने दूरच्या संबंधाचा निकष लावून लस घेण्यास अनुमती दिली होती. ते खरे आहे. परंतु त्या लशींच्या निर्मितीत वा चाचणीत जुन्या पेशीवंशांचा वापर झाला होता, त्या पेशी औषध म्हणून कुणाच्या शरीरात ठेवल्या जात नव्हत्या. येथे पेशी हेच औषध आहे. म्हणून तो निकष जसाच्या तसा येथे लावता येत नाही. असा प्रसंग कुणाच्या कुटुंबावर आलाच, तर त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी व जाणकारांशी बोलून निर्णय घ्यावा. दुःखात असलेल्या माणसाला दुरून दोष देणे हे आपले काम नव्हे.

सुदैवाने दुसरी वाटही उघडली आहे. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. एका मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना आपल्याला आपल्या मुली आठवल्या आणि दुसरा मार्ग असलाच पाहिजे असे वाटले, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. २०१२ मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या पद्धतीत भ्रूणाचा नाश होत नाही, म्हणून तत्त्वतः तिला आक्षेप राहत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या जॅक पॅरंट यांच्या गटाने ‘द्रावे सिंड्रोम’ या बालपणातील तीव्र अपस्माराच्या रुग्णांच्या त्वचेपासून चेतापेशी बनवल्या आणि आजाराचा अभ्यास थेट त्या पेशींत केला. कंपविकारावर अशा पेशींच्या मानवी चाचण्या जपानमध्ये २०१८ पासून झाल्या. अपस्मारासाठीही आवरणाऱ्या पेशी याच मार्गाने मिळाव्यात, अशी मागणी श्रद्धावंतांनी करणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे नव्हे, तर त्याला दिशा देणे होय.

आपल्या धर्मग्रामात

हे सारे वाचून कुणी उद्याच मूलपेशींच्या शोधात निघू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. अपस्मारावर मूलपेशींचा सिद्ध झालेला, बाजारात उपलब्ध असा उपचार आज नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांवरील रोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतील रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखो रुपये मागून ‘हमखास बरे करतो’ असे सांगत असेल, तर तेथून परत फिरावे.

आपल्या हाती असलेला उपाय साधा आहे : मेंदूविकारतज्ज्ञांकडून निदान, नियमित औषधे आणि डॉक्टरांना न विचारता ती कधीही बंद न करणे. झटका आलेल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा वा काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उरतो तो सर्वांत जुना आजार, म्हणजे कलंकाचा. आपली ख्रिस्तसभाही त्यापासून अलिप्त नव्हती. १९१७ च्या कॅनन लॉ संहितेत फेफरे असलेल्या व्यक्तीस गुरुदीक्षेसाठी अपात्रांच्या यादीत घातले होते, तेही मनोरुग्ण व भूतबाधितांच्या जोडीने. १९८३ च्या नव्या संहितेतून तो उल्लेख गेला. भारतातही हिंदू विवाह कायद्यातील अपस्मारविषयक तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने काढली गेली. नियम बदलले, तरी मुलीचा आजार लपवणारे पालक आणि तो कळताच सोयरीक मोडणारे वर अजून आपल्यात आहेत. लपवलेल्या आजारावर औषधही लपूनछपून घेतले जाते, आणि मग ते चुकते.

शुभवर्तमानातील त्या पित्याला प्रभूने प्रथम विचारले, हे याला केव्हापासून होत आहे? वैद्यही हाच प्रश्न आधी विचारतो. आपल्या शेजारच्या घरात असा रुग्ण असेल, तर आपणही तेवढ्याच आपुलकीने विचारपूस करावी, औषधाला हातभार लावावा आणि त्याला मिस्साविधीत, शाळेत व लग्नमांडवात इतरांच्या बरोबरीने बसवावे. कॅनरीपासून रुग्णशय्येपर्यंत पोचण्यास विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. शेजारच्या घरापर्यंत जाण्यास आपल्याला इतका वेळ लागण्याचे कारण नाही.